हरळी : जमा आणि नावे

माणसाने आयुष्यात दोन कमिट्यांपासून दूर राहावे. एक लग्न जमवणारी आणि दुसरी हाउसिंग सोसायटीची. पहिलीत मी इच्छेविरुद्ध सापडलो, दुसरीत गैरहजेरीत. मार्चअखेरचे आकडे जुळवत मी रात्री नऊपर्यंत बँकेत बसलेला असताना इकडे सोसायटीच्या विशेष सभेने मला लॉन उपसमितीचा खजिनदार करून टाकले. "तुम्ही बँकेत असता ना, म्हणजे पैशाचं तुम्हाला कळणारच," असे चेअरमनसाहेब म्हणाले. बँकेतल्या माणसाला पैशाचे कळते हा समज लोकांमध्ये खोलवर रुजलेला आहे. खरे म्हणजे आम्हाला फक्त दुसऱ्यांच्या पैशाचे कळते.

लॉनची हकिगत अशी. बिल्डरच्या माहितीपत्रकात ते पाचूसारखे हिरवे होते. आम्ही ताबा घेतला तेव्हा पोपटी होते. पुढच्या बारा वर्षांत क्रिकेट, संगीताचे मांडव, गणपतीचे दहा दिवस आणि 304 नंबरवाल्यांचा कुत्रा या सर्वांनी आपापला वाटा उचलला आणि लॉनचा रंग आमच्या बँकेच्या जुन्या लेजरच्या पुठ्ठ्यासारखा झाला. मधेमधे चरबट हरळीचे पुंजके, बाकी माती. सभेत तीन पक्ष पडले होते. एक म्हणत होता, पेव्हर ब्लॉक टाका आणि गाड्या लावा. दुसरा म्हणत होता, प्लॅस्टिकचे गवत टाका, पाणी नको, माळी नको. तिसरा, बायकांचा, म्हणत होता की खरे लॉन हवे. अर्थातच खरे लॉन ठरले. जुने उखडायचे आणि नव्या गवताच्या तयार लाद्या अंथरायच्या. चार हजार चौरस फूट, फुटाला 18 रुपये, म्हणजे 72,000. चेकवर सही माझी.

आता, कॉमर्सचा पदवीधर चेकवर सही करण्यापूर्वी कागदपत्रे बघतो. मी लॉनची कागदपत्रे, म्हणजे त्याचा इतिहास, बघायला बसलो. आणि वाचकहो, सांगतो, एवढे फेरफार मी कुठल्याही सात-बाऱ्यावर पाहिलेले नाहीत.

लॉन ही मुळात युरोपातल्या बड्या जमीनदारांची चैन. जमीन आहे, पण तिच्यात गहू नाही, बटाटा नाही, काही नाही. नुसते गवत, आणि तेही कापून टाकायचे. आमच्या भाषेत याला अनुत्पादक मत्ता म्हणतात, हल्ली एनपीए म्हणतात. फरक एवढाच की आम्ही एनपीए लपवतो आणि तो जमीनदार वाड्यासमोर मांडून ठेवी. गवत कापायला विळेवाले मजूर किंवा मेंढ्या. मजुरांना पगार द्यावा लागे आणि मेंढ्यांना जागेचे भान नसे. मग 1830 साली इंग्लंडात स्ट्राउड गावाजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचे यंत्र काढले. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उठलेली लव सारखी कातरायला तिथे फिरत्या पात्यांचे एक यंत्र असे. ते बघून बडिंगच्या डोक्यात आले की हेच जमिनीवर फिरवले तर? गालिचासारखी हिरवळ असे आपण सहज लिहून जातो. ती उपमा नाही, सत्यकथा आहे. त्या यंत्रामुळे लॉन लाटसाहेबाच्या वाड्यातून निघून कारकुनाच्या अंगणात आले. कारकून लोक वरिष्ठांच्या सवयी उचलण्यात पहिल्यापासून तरबेज.

साहेब हिंदुस्थानात आला तो ही आवड घेऊन. पण विलायती गवत इथल्या वैशाखापुढे टिकेना. शेवटी त्याने इथलेच एक गवत बंगल्यापुढे लावले, उत्तरेतल्या माळ्यांनी त्याला दूब म्हणून दिले ते. लॉर्ड कर्झन 1899 ते 1905 व्हाइसरॉय होता, तेव्हा त्याने ताजमहालाची डागडुजी मनावर घेतली. मोगलांची बाग म्हणजे दाट झाडी, सावली, वाफे. कर्झनच्या काळात ती विरळ झाली आणि आज आपण जिच्यापुढे सहकुटुंब फोटो काढतो ती मोकळी हिरवळ आली. शहाजहानने जर आज येऊन पाहिले तर कबर ओळखेल, बाग ओळखेल की नाही, शंका आहे.

तर ही दूब म्हणजे कोण? दूब म्हणजे दूर्वा. दूर्वा म्हणजे हरळी. इथे मी पेन खाली ठेवले आणि ठेकेदाराचे कोटेशन पुन्हा काढले. त्यात लिहिले होते, 'बर्मुडा लॉन, उत्तम प्रत'. शास्त्रीय नाव शोधले तर सायनोडॉन डॅक्टिलॉन. पहिल्या शब्दाचा अर्थ कुत्र्याचा दात, दुसऱ्याचा बोट. पाहिलेत? नावातच कुत्रा आहे. 304 वाल्यांचा काही दोष नाही. आणि हरळीचे शास्त्रीय नाव? तेच. बर्मुडा बेटाशी त्या गवताचा संबंध नावापुरता, ते मूळचे जुन्या जगातले. म्हणजे आम्ही 72,000 रुपये देऊन हरळी उखडणार होतो आणि तिच्या जागी हरळी लावणार होतो.

हे मी घरी जेवताना सांगितले. मुलगा हसला, सौभाग्यवती हसल्या. अण्णा हसले नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील, वय पंचाहत्तर, हयात नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे) शेतीत गेलेली. ते भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "हरळी इकत आणायची?"

तुम्ही शहरात वाढला असाल तर या प्रश्नातला अर्थ तुम्हाला कळायचा नाही. काळ्या रानात हरळी माजली की शेतकऱ्याची झोप जाते. वरून कापली तर दुपटीने फुटते. उन्हाळ्यात सहासहा बैल लावून खोल नांगरट करायची, ढेकळे उन्हात तापू द्यायची आणि मग घरच्या सगळ्यांनी ओणवे होऊन काशा वेचायच्या. काशा म्हणजे जमिनीखालची तिची मुळासारखी खोडे. प्रत्येक कांड्याला डोळा. एक कांडे राहिले तरी पुढच्या पावसाळ्यात चक्रवाढ व्याजाने वसूल. आमच्या रानात ओढ्याकाठचा अर्धा एकर हरळीने धरला होता. अण्णांनी तो तीन उन्हाळे खणला. तिसरा उन्हाळा बहात्तरच्या दुष्काळानंतरचा होता. मी लहानपणी त्या तुकड्याला 'हरळीचं रान' म्हणताना ऐकले, पण तिथे हरळी कधी पाहिली नाही. पाहिली ती बाजरी.

आणि बाजरीवरून आठवले, इतिहास पुढे चालू. अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया नावाचे उष्ण राज्य आहे. तिथेही कापूसवाले शेतकरी या गवताच्या नावाने बोटे मोडत. पलीकडे कॅलिफोर्नियात तर त्याला सरळ सैतानी गवत म्हणतात. जॉर्जियातल्या टिफ्टन गावी 1936 साली ग्लेन बर्टन नावाचे एक शास्त्रज्ञ सरकारी संशोधन केंद्रात दाखल झाले. सगळे जिला उपटत होते तिलाच या गृहस्थांनी वाफ्यात लावले. 1943 साली गुरांसाठी 'कोस्टल' हे वाण दिले. पुढे गोल्फवाल्यांसाठी आपली हरळी आणि तिची आफ्रिकेतली बारीक पानांची बहीण यांच्या संकरातली वाणे आली. त्यातले 419 क्रमांकाचे रोप 1960 साली 'टिफवे' या नावाने बाहेर पडले आणि उष्ण मुलखातली मैदानेच्या मैदाने त्याने झाकली. या संकराची गंमत अशी की त्याला रुजणारे बी धरत नाही. म्हणजे पाकीट आणून फेकता येत नाही; जिवंत कांडी किंवा मातीसकट खरवडलेली लादीच विकत घ्यावी लागते. लाद्यांचा हा जो धंदा आहे तो या वांझपणावर उभा आहे. व्याज हवे तर दर वेळी मुद्दलच घ्या!

हेच बर्टन बाजरीवरही काम करत. त्यांनी टिफ्टनला बाजरीची एक नरवंध्य ओळ तयार केली, तिचे नाव टिफ्ट 23ए. ती भारताला मिळाली, तिच्यावरून लुधियानाला संकर झाला आणि 1965 साली 'एचबी-1' ही आपली पहिली संकरित बाजरी आली. जिला आमच्याकडे सगळे नुसते 'हायब्रीड' म्हणत. 1970-71 साली देशातली बाजरी 80 लाख टनांवर गेली, पाच वर्षांपूर्वीच्या दुपटीहून जास्त. लगेच पुढे गोसावी रोग आला. कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या जटा. हायब्रीड त्याच्यापुढे टिकले नाही. अण्णांना ते वर्ष आठवते. "कणसं अशी उभी, आन् हात लावला तर निस्ता पाला," ते म्हणाले. मी म्हटले, "अण्णा, तुमची बाजरी आणि आमचं लॉन एकाच माणसाच्या हातचं." ते म्हणाले, "मंग त्याला हरळी कशी खणायची ते ठावं आसंल."

प्लॅस्टिक पक्षाचे समाधान करण्यासाठी मी टिपणात ह्यूस्टनचा किस्साही घातला होता. 1965 साली टेक्सासमधल्या त्या गावात ॲस्ट्रोडोम नावाचे छप्पर असलेले अवाढव्य बेसबॉल मैदान उघडले. आत खरे गवत, तेच टिफवे. त्याला ऊन मिळावे म्हणून छपराला साडेचार हजारांवर पारदर्शक तावदाने. पण दिवसा खेळाडूंचे डोळे दिपू लागले, उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानांना रंग फासला. झेल दिसू लागले आणि गवत मेले. मग व्यवस्थापनाने काय करावे? मेलेल्या गवताला हिरवा रंग दिला आणि उरलेला हंगाम काढला. ताळेबंद असा रंगवलेला मी आमच्या क्षेत्रातही पाहिला आहे, त्याबद्दल अधिक बोलणे नोकरीच्या नियमात बसत नाही. दुसऱ्या वर्षी तिथे मॉन्सँटो कंपनीचे कृत्रिम गवत आले आणि मैदानावरूनच त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' नाव पडले. हा किस्सा ऐकून प्लॅस्टिक पक्ष म्हणाला, "बघा, शेवटी प्लॅस्टिकच!" इतिहासातून जो तो आपल्याला हवे तेच घेतो.

मेअखेर काम सुरू झाले. ठेकेदाराने आधी तणनाशक मारले, आठवड्याने वरची चार बोटे माती खरवडली, लाल माती आणि शेणखत पसरले, रूळ फिरवला. अण्णा कट्ट्यावर बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी उठून गेले आणि मुकादमाला म्हणाले, "बाबा, काशा खालीच ऱ्हायल्या. हातभर खण, येचून घे, चार दिस तापू दे." मुकादम म्हणाला, "आजोबा, टेन्शन घेऊ नका." अण्णांनी माझ्याकडे पाहिले. खजिनदार मी होतो. मी म्हणालो, "अण्णा, कोटेशनमध्ये तेवढंच आहे." ते पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले.

इथे एक नोंद करणे भाग आहे, नाहीतर हिशेब जुळायचा नाही. या सोसायटीतला आमचा फ्लॅट घेताना बँकेने मला कर्मचारी म्हणून सवलतीचे कर्ज दिले, पण स्वतःचा हिस्सा भरावाच लागतो. तो भरायला अण्णांनी उरलेली जमीन विकली. ओढ्याकाठचा अर्धा एकर तिच्यातच होता. ते त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. कर्जाच्या कागदांत त्या रकमेसमोर 'स्वनिधी' असे लिहिले आहे, तेही माझ्याच अक्षरात.

जूनमध्ये लाद्या आल्या. विटांसारखे सांधे मोडून त्या अंथरल्या, दिवसातून दोनदा पाणी मारले आणि पंधरा दिवसांत लॉन असे दिसू लागले की माहितीपत्रकाची लाज गेली. चेअरमनसाहेबांनी फीत कापली. जुलैच्या पहिल्या झडीनंतर मऊ, बारीक पानांमधून जागोजाग चरबट, ताठ, ओळखीची पाती वर आली. थोरल्या बहिणीने धाकटीच्या संसारात बिऱ्हाड थाटावे तशी. उपसमितीची तातडीची बैठक भरली. ठेकेदार म्हणाला, यात जुने कोणते आणि नवे कोणते ते ओळखणार कोण? फोन त्याने नंतर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दूध आणायला उतरलो तर अण्णा लॉनवर उकिडवे बसलेले. शेजारी खुरपे. ते गावाहून येताना आणलेल्या पेटीत होते हे मला माहीत नव्हते. एकेक पुंजका हाताने चाचपत, खुरप्याच्या टोकाने काशी अख्खी ओढून काढत होते, आणि काढलेली पिशवीत टाकत होते. जमिनीवर एक तुकडा पडू देत नव्हते. "अण्णा, गुडघे दुखतील." "दुखत्यात." एवढेच. कमिटीने त्यांना मानधन द्यायचा ठराव केला. अण्णांनी तो परत पाठवला. हल्ली दोन-चार पोरे त्यांच्याबरोबर बसतात, त्यात माझाही एक आहे, आणि त्याला आता काशी आणि मुळी यातला फरक माझ्यापेक्षा बरा कळतो.

गणेश चतुर्थीच्या सकाळी बाजारात दूर्वांची जुडी वीस रुपयांना होती. आठच्या सुमारास 102 मधल्या वहिनी आल्या, "अण्णा, एकवीस मिळतील का हो?" मग 207 वाल्या, मग चेअरमनसाहेब स्वतः ताम्हण घेऊन. अण्णा सगळ्यांना घेऊन पंपघराच्या मागे गेले. तिथे लॉनचा एक कोपरा आहे, हातभर रुंद, दोन हात लांब, आणि त्यात रसरशीत जुनी हरळी.

मी म्हटले, "अण्णा, एवढा कोपरा खुरपायचा राहिला वाटतं?"

"ऱ्हायला न्हाई," अण्णा दूर्वा खुडता खुडता म्हणाले, "ठेवलाय."

उपसमितीच्या दफ्तरात लॉन चार हजार चौरस फूटच दाखवले आहे. ऑडिटरला तो कोपरा अजून दिसलेला नाही.