हिवतापाची गोळी आणि आनुवंशिक भेद

औषध एकच, मात्राही तीच. तरीही एका रुग्णास गुण येतो, तर दुसऱ्यास अपाय होतो. या भेदामागील आनुवंशिक कारणांचा अभ्यास म्हणजे औषध-आनुवंशिकी. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फोगेल यांनी १९५९ मध्ये या शाखेस नाव दिले. हिवतापावरील प्रायमाक्विन हे तिचे एक जुने आणि आजही महत्त्वाचे उदाहरण होय.

इंदूरजवळील महू, म्हणजेच डॉ. आंबेडकर नगर, ही १८१८ पासूनची लष्करी छावणी. तेथे देशाच्या सर्व प्रांतांतील जवान येतात. सभोवतालच्या विंध्य परिसरात भिल्ल व भिलाला समाजांच्या वस्त्या आहेत. हिवताप यांपैकी कोणालाही झाला, तरी गोळी एकच असते. ती पचवणारे रक्त मात्र सर्वांचे सारखे नसते.

व्हायवॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात सुप्तावस्थेत राहतात आणि ताप पुन्हा उलटतो. त्यांच्या नाशासाठी प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. तांबड्या रक्तपेशींचे रक्षण करणारे जी-६-पीडी हे विकर ज्यांच्यात कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात. हे कारण १९५६ मध्ये अमेरिकेत उलगडले. मुंबईच्या पारशी समाजातील ही कमतरता १९६३ मध्ये नोंदली गेली. भारतातील तिच्या प्रमुख प्रकारांपैकी एक ‘केरळ-कल्याण’ नावाने ओळखला जातो, तर ‘ओरिसा’ हा प्रकार मुख्यत्वे आदिवासी समाजांत आढळतो. संबंधित जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत हा दोष अधिक दिसतो.

लघवी काळपट होणे, कावीळ वा धाप लागणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच गोळी थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. मात्र केवळ भीतीपोटी उपचार अर्धवट सोडल्यास परजीवी यकृतात टिकून राहतात. म्हणूनच औषधापूर्वीची रक्तचाचणी मोलाची ठरते. दोष आढळल्यास आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली औषध देण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला आहे. गर्भवतींना व वर्षाखालील बालकांना हा १४ दिवसांचा उपचार दिला जात नाही.

गोव्यातही कामानिमित्त अनेक प्रांतांतील लोक येतात. त्यामुळे तापाच्या निदानाइतकेच रुग्णाच्या रक्ताचे वेगळेपण जाणणे येथेही आवश्यक आहे.