हार्मोन्स इन्सुलिनचं जनुक ‘ऑन-ऑफ’ कसं करतात? जाणून घ्या सोप्या भाषेत

जेवण झालं की रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, हे आपण शाळेत शिकलोय. पण इन्सुलिन किती बनवायचं हे फक्त साखर ठरवत नाही. शरीरातली इतर हार्मोन्सही त्यात लक्ष घालतात, आणि तेही थेट जनुकांच्या पातळीवर. चला, पाहूया कसं ते.

बीटा पेशी म्हणजे काय?

स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहॅन्स यांनी १८६९ मध्ये त्यांचं पहिल्यांदा वर्णन केलं. या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. इन्सुलिनचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं आणि ते शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींत असतं. पण जोरात काम करतं ते बीटा पेशींतच. फोनमध्ये अ‍ॅप इन्स्टॉल असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं, तसंच हे.

१. जीएलपी-१ : काम वाढवणारा मेसेज

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन निघतं. ते पेशीच्या आत जात नाही. बीटा पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं, म्हणजे जणू दारावरची बेल वाजवतं. मग आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढतो आणि तो निरोप पुढे केंद्रकापर्यंत पोहोचवतो. तिथे क्रेब नावाचं प्रथिन काही जनुकं चालू करतं. परिणामी इन्सुलिन जास्त बनतं आणि बीटा पेशी टिकायलाही मदत होते. मात्र हे नैसर्गिक हार्मोन रक्तात दोनेक मिनिटांतच तुटतं. म्हणून जास्त वेळ टिकणारी औषधं बनवली गेली. एक्झेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये, तर सेमाग्लुटाइडला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली.

२. स्टेरॉइड : काम रोखणारा मेसेज

कॉर्टिसोल आणि त्याच्यासारखी स्टेरॉइड औषधं बेल वाजवत नाहीत, सरळ पेशीत शिरतात. आतल्या रिसेप्टरला पकडून केंद्रकात जातात आणि डीएनएवर बसून काही जनुकं चालू, काही बंद करतात. प्रयोगशाळेत डेक्सामेथासोन दिल्यावर इन्सुलिनच्या जनुकाचं काम मंदावलेलं दिसलं आहे. शिवाय स्टेरॉइडमुळे बाकीच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी होतो. म्हणजे दुहेरी फटका!

३. गरोदरपणातली हार्मोन्स

गरोदरपणात इन्सुलिनची गरज वाढते. तेव्हा प्रोलॅक्टिन आणि वारेतून येणारं लॅक्टोजेन बीटा पेशींतल्या स्टॅट-५ या प्रथिनाला जागं करतात. उंदरांमध्ये यामुळे बीटा पेशींची संख्या वाढते. ही वाढीव गरज शरीराला भागवता आली नाही, तर गरोदरपणातला मधुमेह होतो.

हे आपल्याला का माहीत हवं?

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, खूप रुग्ण आढळले. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागची मोठी कारणं होती. त्यामुळे या गोष्टी लक्षात ठेवा :

• रील पाहून किंवा जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून स्टेरॉइड किंवा वजन कमी करायची इंजेक्शनं घेऊ नका.
• डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर साखर तपासायची का, ते विचारा.
• चालू असलेलं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, तेही धोक्याचं असतं.

घरात कुणाला मधुमेह असेल, तर ही माहिती त्यांनाही नक्की सांगा.