धुतलेला किनारा

समुद्रात तेल सांडले म्हटले की काळ्या तेलाने माखलेला पक्षी डोळ्यांपुढे येतो. माझ्याही येत असे. सागरी अपघातांविषयी वाचू लागल्यावर मात्र एक वेगळाच जीव मनात घर करून बसला. खडकाला घट्ट चिकटलेली, शंकूसारख्या शिंपल्याची एक गोगलगाय. इंग्रजीत तिला लिम्पेट म्हणतात. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. जे उमगले ते वाचून, अडखळत.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यासमोरील सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले. पोटात कुवेतचे सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल होते. एवढी मोठी तेलगळती तोवर कोणी पाहिली नव्हती. उरलेले तेल जाळण्यासाठी सरकारने विमानांतून जहाजावर बाँब टाकले. पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला होता, आणि किनारे लवकर स्वच्छ दिसायला हवे होते. म्हणून समुद्रात आणि खडकांवर मिळून सुमारे १० हजार टन डिटर्जंट ओतले गेले.

जवळच प्लिमथला १८८८पासून सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी हातातली कामे बाजूला सारून किनारा गाठला. जे. ई. स्मिथ यांनी संपादित केलेला त्यांचा अहवाल १९६८ साली ग्रंथरूपाने आला. त्याचा निष्कर्ष साऱ्यांनाच अवघड जाणारा होता. किनाऱ्यावरच्या जिवांना तेलापेक्षा डिटर्जंटने, विशेषतः त्यातल्या द्रावकांनी, अधिक मारले होते. तेल लागलेल्या खडकांवर लिम्पेट शेवाळ खरवडत जगत होत्या. फवारणी झाली तिथे त्या सुटून पडल्या.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. लिम्पेट गेल्या, तसे चरणारे कोणी उरले नाही. खडक आधी हिरव्या शेवाळाने झाकले, मग तपकिरी सागरी वनस्पतींचे दाट रान माजले. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, किनारा सावरला! पण त्या रानाच्या ओलसर आडोशाला लिम्पेटची नवी पिढी भरमसाट वाढली, तिने रान फस्त केले आणि खडक पूर्वीपेक्षाही उघडे पडले. उपाशी लिम्पेट अन्न शोधत पसरल्या, त्यांची संख्या घसरली. हे हेलकावे थांबायला काही ठिकाणी पंधरा वर्षे लागली. गॉड्रेव्ही इथे मात्र सीलना अपाय होईल या भीतीने फवारणी टाळली होती. तो किनारा दोन-तीन वर्षांत पूर्वपदावर आला.

‘पूर्वपद’ म्हणजे काय, हे कळले कसे? ॲलन साउथवर्ड हे संशोधक १९५०च्या दशकापासून याच भागातल्या खडकांवरचे बार्नॅकल मोजत होते. तेव्हा त्या मोजदादीचा तेलाशी काही संबंध नव्हता. अपघातानंतरही ते वर्षानुवर्षे तिथे जात राहिले. १९७८ साली ॲलन आणि ईव्ह साउथवर्ड यांनी दहा वर्षांच्या निरीक्षणांचा निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या दोन वर्षांनंतर वह्या मिटल्या असत्या, तर हिरवे रान हेच सावरणे ठरले असते. पुढे कमी विषारी रसायने आली, वापराआधी त्यांची विषारकता तपासण्याची पद्धत रुळली.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली, तेल कांदळवनांत शिरले. कांदळवनातला चिखल खडकासारखा धुता येत नाही. घाईने तुडवला तर तेल आणखी खोल जाते. अशा वेळी ‘सफाई कधी सुरू करणार?’ हा प्रश्न आपण लगेच विचारतो. ‘इथे काल काय जगत होते, आणि ते कोणी मोजून ठेवले आहे?’ हा प्रश्न त्याच्याही आधी विचारायला हवा. त्याचे उत्तर अपघाताच्या दिवशी तयार करता येत नाही. त्यासाठी काही घडलेले नसताना, ओहोटीच्या वेळी, कोणीतरी वही घेऊन किनाऱ्यावर बसलेले असावे लागते.