प्लास्टिकला भाव आला, वेचणारीला कधी?

प्लास्टिकच्या पुनर्वापराचा इतिहास लिहिताना कारखाने मोजले जातात. आम्ही तो उकिरड्यापासून मोजतो. बाटली, दुधाची पिशवी, फुटकी बादली वेगवेगळी केल्याशिवाय दाणा बनत नाही. आणि ही निवड बहुतांशी दलित बायका करतात.

मेलेली ढोरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी बजावले होते. १६ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. लादलेली कामे समाजाने झुगारली. पण जमीन मिळाली नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या अनेक भूमिहीनांच्या हाती शेवटी कचराच आला.

१९९३ मध्ये पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिने भीक नाही, ओळखपत्र मागितले. २००८ मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची नोंद करायला सांगितले.

बाजार मात्र वरच्यांच्या सोयीने वाढला. खनिज तेल स्वस्त झाले की नवा दाणा स्वस्त होतो आणि भंगाराचा भाव पडतो. २०२१ मध्ये प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. २०२२ पासून कंपन्या पुनर्वापराची प्रमाणपत्रे विकत घेतात. ती नोंदणीकृत कारखान्याच्या नावे निघतात, वेचणारीच्या नाही.

म्हणून मूलसारख्या गावातही आमची मागणी साधी आहे: नोंद, ओळखपत्र, निवडीसाठी शेड, मोजे आणि कबाड्याच्या काट्यावर खरे वजन. आणि तिच्या लेकरांच्या हाती पोते नको, पुस्तक हवे.

जय भीम!