कवटीचे हाड परत बसवताना: सोन्याच्या पत्र्यापासून मापाच्या इम्प्लांटपर्यंत

अपघातात किंवा मोठ्या पक्षाघातात मेंदूला खूप सूज आली, तर तिला जागा मिळावी म्हणून न्यूरोसर्जन कवटीच्या हाडाचा एक तुकडा काढतात. जीव वाचतो, रुग्ण घरी येतो. पण डोक्याची एक बाजू खोलगट झालेली असते आणि कातडीवर अलगद हात ठेवला तर खालची धडधड जाणवते. मग नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हे हाड परत कधी बसवणार? आणि त्यांचंच बसवायचं की बाहेरचं?"

कवटीतील अशी पोकळी भरण्याच्या शस्त्रक्रियेला क्रेनिओप्लास्टी म्हणतात. "स्वतःचं की बाहेरचं" हा प्रश्न मात्र आजचा नाही, तो काही शतके जुना आहे. त्याचा इतिहास माहीत असेल, तर आज तुमच्यासमोर ठेवलेले पर्याय समजायला सोपे जातील.

सोने आणि कुत्र्याचे हाड

कवटीला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया अश्मयुगापासून होत आली आहे. पेरू देशात अशा अनेक कवट्या सापडल्या आहेत. आपल्याकडे काश्मीरमधील बुर्झहोम येथेही छिद्रांच्या खुणा असलेली नवाश्मयुगीन कवटी मिळाली. पेरूतील कित्येक कवट्यांत छिद्राच्या कडा भरून आलेल्या दिसतात. म्हणजे ती माणसे त्यानंतर जगली.

छिद्र झाकण्याबद्दलचे जुने लेखन सोळाव्या शतकातले आहे. 'फॅलोपियन ट्यूब' हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या इटलीच्या गाब्रिएले फालोपिओ यांनी कवटीसाठी सोन्याच्या पत्र्याचा उल्लेख केला आहे. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच पुस्तकात शल्यचिकित्सक योब फान मेकेरेन यांनी एका रशियन सरदाराची हकिगत सांगितली आहे. त्याच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवले होते. चर्चने त्याला बहिष्कृत केले आणि ते हाड काढून टाका, अशी विनवणी करण्याची वेळ त्याच्यावर आली.

स्वतःचे हाड

१८२१ साली जर्मन सर्जन फिलिप फॉन वाल्थर यांनी काढलेले हाड त्याच रुग्णाला परत बसवले. आजही अनेक ठिकाणी पहिली पसंती स्वतःच्याच हाडाला असते. ते माप्याने बरोबर बसते आणि वेगळा खर्च लागत नाही. तोपर्यंत ते फ्रीझरमध्ये किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. पोटावरची ती जास्तीची जखम पाहून घरचे घाबरतात, पण तिचे कारण हे असते.

तरीही हा मार्ग सर्वांसाठी नाही. हाडाचा चुरा झाला असेल किंवा त्यात जंतुसंसर्ग असेल तर ते वापरता येत नाही. काहींमध्ये, विशेषतः लहान मुलांत, परत बसवलेले हाड हळूहळू झिजून विरघळते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

युद्ध आणि नवे पदार्थ

दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेले असंख्य सैनिक आले. त्या काळात टॅन्टॅलम धातूचे पत्रे वापरले गेले. ते ठोकून आकार देता येत असे, पण धातू ऊन आणि थंडी लगेच आत पोहोचवतो. काही रुग्णांना त्यामुळे डोकेदुखी होत असे.

त्याच सुमारास दातांच्या कवळीत वापरतात ते ॲक्रिलिक आले. ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कणकेसारखे मळून पोकळीवर बसवतात. घट्ट होताना ते तापते, म्हणून वरून थंड सलाईन सोडावे लागते. आकार मात्र सर्जनच्या नजरेवर आणि हातावर अवलंबून. कपाळाजवळ थोडा फरक राहिला, तरी तो रुग्णाला रोज आरशात दिसतो.

खरा बदल: माप

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. या शोधासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळाले. पुढे संगणकावर हे काप एकावर एक रचून पूर्ण कवटी उभी करता येऊ लागली.

मग युक्ती सोपी होती. कवटीची चांगली बाजू आरशातल्यासारखी उलटवायची आणि त्यावरून हरवलेला तुकडा आखायचा. पोकळी दोन्ही बाजूंना पसरलेली असेल तर हे जमत नाही. तेव्हा जुना स्कॅन किंवा इतर कवट्यांच्या आकारांचा आधार घेतात. १९८४ मध्ये अमेरिकेत चक हल यांनी थ्रीडी प्रिंटिंगच्या एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. २०१३ मध्ये तिथल्या एफडीएने थ्रीडी प्रिंट केलेल्या पॉलिमरच्या कवटी-इम्प्लांटला परवानगी दिली. आता इम्प्लांट शस्त्रक्रियेआधीच तयार असते.

मग सर्वांत चांगले कोणते?

हा इतिहास सांगतो की प्रत्येक पदार्थाचे दोष वापरानंतर कळत गेले. टायटॅनियम मजबूत आहे, पण स्कॅनमध्ये त्याची सावली येते आणि कातडी फार पातळ असेल तर तिच्यातून ते उघडे पडू शकते. 'पीक' नावाचे प्लास्टिक स्कॅनमध्ये अडथळा आणत नाही, पण महाग असते आणि हाडाशी एकजीव होत नाही. जंतुसंसर्ग कोणत्याही पदार्थात होऊ शकतो आणि तसे झाल्यास इम्प्लांट बहुधा काढावे लागते. म्हणून "सर्वांत महाग ते सर्वांत चांगले" असे समजू नका. पोकळी केवढी आणि कुठे आहे, कातडी कशी आहे, आधी संसर्ग झाला होता का, पुढे वारंवार स्कॅन लागणार का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि "आता जीव वाचला, दिसण्यासाठी कशाला ऑपरेशन?" असे म्हणून विषय सोडून देऊ नका. पोकळी तशीच राहिल्यास काहींना डोकेदुखी, चक्कर आणि अशक्तपणा येतो. १९३९ पासून वैद्यकशास्त्रात याची नोंद आहे. पोकळी भरल्यावर काही रुग्णांत हा त्रास कमी होतो. तोपर्यंत त्या बाजूवर दाब येऊ देऊ नका, पडण्यापासून जपा आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर संरक्षक हेल्मेट वापरा. खोलगट भाग अचानक फुगला, जखमेतून पाणी आले, ताप, झटके किंवा गुंगी आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.