काच पुसणारा माणूस

केमिकल कंपन्यांच्या जाहिरातींत ‘डिजिटल ट्रान्स्फॉर्मेशन’ हा शब्द असा येतो, जणू तो कालपरवाच जन्मला. मी त्याची जन्मतारीख १२ मार्च १९५९ मानतो.

त्या दिवशी अमेरिकेत, टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथल्या टेक्साको रिफायनरीत आरडब्ल्यू-३०० नावाचा कॉम्प्युटर पॉलिमरायझेशन युनिटवर कामाला लागला. २६ प्रवाह, ७२ तापमानं आणि ३ दाब त्याच्या नजरेखाली होते. पण मला त्यामागची तयारी जास्त महत्त्वाची वाटते. अभ्यास तीन वर्षं आधी सुरू झाला होता आणि प्रश्न नेमका होता: पाच रिअॅक्टर्समध्ये कच्चा माल कसा वाटायचा? शिवाय जुने कंट्रोलर काढले नव्हते. कॉम्प्युटर त्यांना फक्त लक्ष्य ठरवून देई. तेव्हाचे कॉम्प्युटर वरचेवर बंद पडत. तसं झालं तरी प्लांट चालू राही.

१९६२मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनं पुढचं पाऊल टाकलं. एका प्लांटवरची जुनी नियंत्रण यंत्रणा काढून तिथे फेरांटी आर्गस कॉम्प्युटर बसवला. तो २२४ मोजमापं घेई आणि १२९ व्हॉल्व्ह थेट चालवी.

आता पुन्हा टेक्सास, पण २३ मार्च २००५. टेक्सास सिटीतल्या बीपी रिफायनरीत एक युनिट सुरू करताना १७० फुटी टॉवरमध्ये द्रव भरत गेला. स्क्रीनवर पातळी दहा फुटांखाली आणि हळूहळू उतरताना दिसत होती. प्रत्यक्षात ती १५० फुटांच्या वर पोहोचली होती. आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय, हे आकडे वेगवेगळ्या स्क्रीनवर होते. धोक्याचा एक अलार्म वाजलाच नाही. पातळी डोळ्यांनी पाहायची काच होती, पण ती मळून निरुपयोगी झाली होती. ऑपरेटर आठवडेच्या आठवडे सुट्टीविना बारा-बारा तास काम करत होते. स्फोटात १५ माणसं गेली, १८० जखमी झाली.

तिथे कॉम्प्युटर होता, सेन्सर होते, डेटाही होता. नव्हती ती त्या डेटावर शंका घ्यायची सोय. म्हणून एखादी कंपनी ‘आम्ही डिजिटल झालो’ म्हणते, तेव्हा मला सॉफ्टवेअरचं नाव नको असतं. मला एवढंच विचारायचं असतं: तुमच्याकडे ती काच कोण पुसतं, आणि त्याला झोप पुरेशी मिळते का?