मामलतीचा भाव

मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईस लोक अजूनही क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. ज्याचे नाव असे तोंडी रुळले, तो आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. माणूस कर्तबगार खरा. रस्ते, गटारे, बाजार यांची कामे त्याने धडाक्याने काढली. पण खर्चास धरबंध नव्हता, आणि हिशेब विचारू पाहणाऱ्यांच्या हाती अधिकार नव्हता. १८७१ साली करदाते खवळले, तेव्हा त्याला ती जागा सोडावी लागली; आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांपैकी ३२ जण करदात्यांनी निवडावेत असे ठरले. मुंबईकरांस मताचा हक्क मिळाला तो एका साहेबाच्या उधळपट्टीमुळे, याची आम्हांस नेहमी गंमत वाटते.

मुंबईने ज्याला घालविले त्याला सरकारने मात्र सांभाळले. पुढे तोच गृहस्थ मध्य विभागाचा कमिशनर होऊन पुण्यास बसला. मामलेदारांच्या बढत्या-बदल्या आता त्याच्या हाती आल्या, आणि त्याच्या नावावर हणमंतराव नावाचा दलाल पैसे उकळू लागला. कोणाला वरची जागा हवी असे, कोणाला आडगावची बदली चुकवावयाची असे. कोणी तर आहे ती जागा टिकावी एवढ्यासाठीच पैसे मोजी. मामलेदार म्हणजे तालुक्याचा सारा वसूल करणारा आणि फौजदारी खटलेही चालविणारा अधिकारी. त्याने खुर्चीपायी दिलेले रुपये अखेर कोणाच्या कनवटीतून निघणार, हे दुष्काळी मुलखातल्या कुणब्यास कोणी समजावून सांगावयास नको होते.

१८८८ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी मांडली. पण पुरावा द्यावयाचा कोणी? लाच देणाराही गुन्हेगारच. तेव्हा सरकारने मामलेदारांस अभय दिले, की खरे सांगा, तुमच्या केसास धक्का लागणार नाही. त्या भरवशावर ते बोलले. क्रॉफर्ड वेषांतर करून पळाला, पण पकडला गेला. हणमंतराव तुरुंगात गेला. साहेबास मात्र खास कमिशनने लाचेच्या आरोपांतून मोकळे केले. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतली एवढाच दोष त्याच्या माथी बसला आणि त्याची नोकरी गेली. १८९७ साली याच गृहस्थाने पुणे आणि दख्खनमधील त्रासांवर पुस्तक लिहिले!

मग रोख फिरला तो मामलेदारांवर. विकत घेतलेल्या जागेवर बसून हे लोक न्याय काय करणार, अशी हाकाटी विलायतेत उठली. आक्षेप खोटा नव्हता, हे आम्ही आजही म्हणतो. पण दिलेल्या वचनाचे काय? पुण्यात टिळकांनी तोच प्रश्न धरला; १८८९ मध्ये जाहीर सभा झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने मामलेदारांवर खटले भरण्याचे टळले, तरी कित्येकांच्या जागा गेल्याच. ज्याने लोभाने पैसे दिले आणि ज्याच्याकडून ते दमदाटीने काढले, असे दोन वर्ग सरकारने पाडले. हा भेद रास्त होता. तो अभय देण्यापूर्वी करावयास हवा होता, नंतर नव्हे.

आमचे आयुष्य कामगार-संघटनेत गेले. इतिहास वाचावयास आम्हांस कोणी शिकविले नाही. हे प्रकरण आम्ही वाचले ते एका अडचणीपायी. एका नगरपालिकेत रोजंदारीवरचा एक सफाई कामगार आमच्याकडे आला. कायम करतो म्हणून त्याच्याकडून पैसे घेतले होते. बायकोची बोरमाळ त्यात गेली. आम्ही म्हटले, तक्रार करू. तो म्हणाला, "भाऊ, मी बोललो तर आत कोण जाईल, तो का मी?"

आम्ही कायदा काढून बसलो. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही शिक्षेस पात्र ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवावे लागते. आम्ही त्याला ते वाचून दाखविले. त्याने बोटे मोजली नाहीत.

"सात दिवस?" तो म्हणाला, "माझी तर तीन वर्षं झाली, भाऊ."